हँडल धरणारी

२ डिसेंबर १९६२, आगरदांडा

बोटीतून उतरलो तेव्हा कपडे खाऱ्या पाण्यानं कडक झाले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. रावजीशेठनी धक्क्यावर बैलगाडी पाठवली होती. माणूस दिलदार दिसतो, निदान जेवू घालण्यात तरी. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि वर आग्रह. राहायला भात गिरणीला लागूनच खोली दिली आहे. खिडकीतून खाडी दिसते, वारा छान येतो.

काम किरकोळ आहे. गिरणीची मोटार फार तापते, ती बघायची, दुरुस्त करायची आणि शेठचं समाधान झालं की पुण्याला परत. महिनाअखेर मी मोटारीत तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्याचा मुकादम होणार. या शिवदासनं हातानं बांधलेली मोटार कधी परत येत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणतात. खरं म्हणजे मीच म्हणतो, बाकीचे ऐकून घेतात.

३ डिसेंबर

मोटार उघडली. आत एवढा कोंडा की एखादी म्हैस जेवली असती. तो साफ केला, बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच पाडून स्टार्टरचं झाकण काढलं, तेव्हा मात्र मी चक्रावलो.

एवढी मोठी मोटार एकदम विजेच्या पूर्ण दाबावर सोडत नाहीत. हँडल आधी एका बाजूला ढकलायचं, मोटारीनं वेग धरला की दुसऱ्या बाजूला, 'चालू'वर. तिथे ते आपण होऊन राहत नाही, कारण आतली स्प्रिंग त्याला सतत मागे ओढत असते. एक लहानशी कॉइल चुंबक बनून त्याला धरून ठेवते. वीज गेली की चुंबक संपतो, हँडल मागे येतं आणि मोटार बंद पडते. त्यामुळे वीज परत आल्यावर मोटार भलत्या वेळी सुरू होऊन कुणाचा बळी घेत नाही.

इथली कॉइल जळून कोळसा झाली आहे. स्प्रिंग ठणठणीत आहे. वीज मी स्वतः तोडली होती. तरी हँडल 'चालू'वर होतं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा जेमतेम हललं, आणि सोडताच परत जागेवर गेलं.

मोटार का तापते ते मात्र कळलं. वीज आली की ती थेट पूर्ण दाबावर उठते. तापेल नाही तर काय करेल?

४ डिसेंबर

शेठना विचारलं. त्यांनी पान जमवत मजेत सगळं सांगितलं. कॉइल मागेच जळाली. हंगामात गिरणी कोण बंद ठेवणार? म्हणून त्यांनी रंगूला बसवली. ही विधवा, पोरीला घेऊन त्यांच्या पडवीत राहायची. गिरणी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत हँडल दाबून बसणं एवढंच तिचं काम. ताप आला तरी बसायची. शेवटी तिथेच बसल्या बसल्या गेली, आणि गिरणी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालली. बंद करायला गेले तेव्हा लोकांना कळलं. यंत्रांना तेल घालणाऱ्या सदानं तिची बोटं पान्ह्यानं सोडवली.

तेव्हापासून हँडल आपोआप राहतं. "बाय इमानी. अजून हात काडला न्हाय," असं म्हणून शेठ पोट हलवत हसले. मीही हसलो. पलीकडे एक बाई सुपानं तांदूळ पाखडत होती, ती हसली नाही. ती केसर, रंगूची मुलगी.

६ डिसेंबर

नवी कॉइल बांधून बसवली. इतकी सुबक झाली की स्वतःचाच हेवा वाटला. बसवताना हँडल अचानक ढिलं पडलं आणि खाडकन मागे आलं. आता कॉइल त्याला धरते आणि वीज तोडली की सोडते. पुस्तकात लिहिलंय तस्सं.

केसरनं येऊन हँडलला हात लावला, डोळ्याला पदर लावला. आये सुटली, बरा झाला, म्हणाली. मग मला वाकून नमस्कार केला. मला संकोच वाटला, पण आवडलं.

८ डिसेंबर

शेठ भडकले आहेत. इथे वीज सारखी जाते. जाते तेव्हा मोटार थांबते आणि कुणीतरी जाऊन ती पुन्हा सुरू करावी लागते. पूर्वी आपली आपण उठायची. शेठचं म्हणणं, मला बोलावलं ते गिरणी चालवायला, थांबवायला नव्हे. कॉइल काढा. मी म्हटलं, आता हँडल राहणार नाही. ते म्हणाले, केसर आहे की. आईची जागा पोरीची.

मी थोडा वाद घातला. मग त्यांनी विचारलं, समाधान झालं असं पुण्याला कळवायचं की नाही कळवायचं? मी कॉइल काढली. केसर बघत होती. मी तिला सांगितलं, बसूनच तर राहायचं आहे.

९ डिसेंबर

केसर सकाळपासून बसली आहे. स्प्रिंग जोरकस आहे. दुपारी तिचा दंड थरथरायला लागला, तेव्हा शेठनी तिच्यावर सदाला नजर ठेवायला सांगितलं. मी सामान बांधलं.

पेटी उचलताना उजवं मनगट एकदम गार पडलं. आता त्यावर वळ दिसताहेत, निळे, बोटांचे. दोन हातांनी आवळल्यासारखे.

१० डिसेंबर

बोट चुकली. म्हणजे चुकवली गेली.

धक्क्यावर पाय ठेवला आणि हात मागे ओढला गेला. मी पडलो. फळ्यांना धरलं, नखं तुटली. मासळीवाल्या हसत होत्या, पुण्याचा मिस्त्री ताडी पिऊन आला म्हणून. हात पुढे आणि मी मागे असा रस्ताभर फरफटत आलो. भर उन्हात. कुणी अडवलं नाही. सदानं पाहिलं आणि गिरणीचं दार उघडून बाजूला झाला.

केसरच्या हातावरून माझा हात हँडलवर गेला. तिचा हात खालून हळूच निसटला. ती उठली.

११ डिसेंबर

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा हँडलवर आहे.

काल गिरणी बंद झाली, वीज तोडली, तरी हात सुटला नाही. सदानं पान्हा लावला. एक बोट मोडलं. पकड तशीच.

मी कॉइल मागितली. सदाला एकेक तार सांगून ती बसवून घेतली. कॉइल उत्तम धरते आहे. माझ्या हाताची काही गरज नाही. मी मोठ्यानं सांगितलं, रंगूबाई, आता बघा, तुमच्या पोरीला कुणी बसवणार नाही. मनगट आणखी आवळलं.

बरोबर आहे. कॉइल कुणीही काढतो. मीच काढली होती.

१२ —

शेठ खूश आहेत. पुण्याला कळवलं म्हणाले, पूर्ण समाधान झालं, मिस्त्री इथेच राहायचं म्हणतो. मी ओरडलो. पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय.

केसरनं पेज भरवली. भरवताना सांगितलं, शेठनी तिच्या आईला रोज बजावलं होतं, तू सोडलंस की पोर बसेल. म्हणून ती मेल्यावरही —

मी रडलो. म्हटलं, तू सांग तिला, तुझं ऐकेल. केसर गाठोडं बांधूनच आली होती. खाडीपलीकडे दिघीला जाते आहे, मावशीकडे, कायमची. "सांगीन. पल्याड पोचल्याव सांगीन," म्हणाली. माझं तोंड पुसलं आणि गेली.

दुपार

हात काळा पडला आहे. दुखत नाही, हे वाईट. याच हातानं मी वाइंडिंग —

होडी पोचली असेल. वारा चांगला आहे. पोचलीच असेल.

सैल होतंय. खरंच. एकेक बोट उचललं जातंय. केसरनं शब्द पाळला. रंगूबाईचा एक हात गेला मनगटावरून, आता दुसरा सुटला की मी धावत सुटेन, पेटी राहू दे, सगळं —

दुसरा सुटत नाही. पहिला कुठे गेला? वहीवर काहीतरी गार, डाव्या मनगटाला — नको, हा राहू दे, लिहायला एवढा एक तरी रा