माटवीला लागलेला वास

शेवंती, आधी हे ऐक. आमच्या घरात साखर आता दाराच्या पाठीमागे राहते. चपला ठेवायला खिशांची एक लांब पिशवी मिळते, ती सूनबाईने, समीक्षेने, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली आहे. एका खिशात साखर, दुसऱ्यात आमसुलाची सोलं, तिसऱ्यात माझी मशेरी. पुड्या सगळ्या सारख्या. काल निलेशच्या चहात काय पडलं ते तूच समज. अर्धा कप पिऊन तो म्हणाला, "आये, च्याची पावडर बदललंस काय गो?" मी म्हटलं, हो.

तर चि. सौ. शेवंतीस आचऱ्याहून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, म्हैस व्याली का, तुझ्या घोवाचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्याला पडवीत झोपव, तू कशाला जागतेस.) आम्ही बरे आहोत, म्हणजे जेवढी जागा आहे तेवढे बरे आहोत.

निलेशने पुढच्या खोल्या पर्यटकांना दिल्या हे तुला माहीत आहे. माणसं पुण्याहून येतात, समुद्र बघतात, पडवीत चहा पितात आणि म्हणतात, किती मोकळं घर आहे. मोकळं असणारच, आम्ही सगळे मागच्या दोन खोल्यांत कोंबलेले. सून वाईट नाही. (हे तिच्या कानावर घालू नको.) पण तिच्या मोबाइलमध्ये एक बाई आहे, ती लहान घरात सामान कसं ठेवायचं ते शिकवते. त्या बाईच्या घरी नारळ नाहीत, भाताची कणगी नाही, सुकी मासळी नाही, सासू तर नाहीच. तिला ठेवायचे काय, दोन कप आणि एक कुंडी.

त्या बाईच्या सांगण्यावरून माझी खाट गेली आणि पेटीसारखा पोकळ दिवाण आला. आत वाटाणे, कुळीथ, तांदूळ, देवाची मोठी समई, आणि वर मी. दुपारी जरा पाठ टेकली की समीक्षा उभी, "आई, जरा उठतास? कुळीथ काढूचे आसत." मी माणूस आहे की झाकण हेच कळेनासं झालंय. गोधड्यांची गत त्याहून वाईट. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा ओढतात, की त्या पापडासारख्या चपट्या. माझी नात तन्वी पंप मारायला फार हौशी. सगळ्या गोधड्या कपाटाच्या एका फळीत बसल्या म्हणून समीक्षेने फोटोसुद्धा काढला. उंदराला फोटोचं काय. त्याने भोक पाडलं, गोधड्या हळूहळू फुगत गेल्या आणि कपाटाचं दार ढकलून बाहेर आल्या. पर्यटकांतली एक बाई पाणी मागायला आली होती, ती तहानलेलीच परत गेली.

हे मी मुकाट सोसते त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमचे धाकटे दीर परशुराम. फोंडाघाटाला बंगला बांधल्यापासून त्यांच्या मनात आहे की घराण्याचा गणपती तिकडे न्यावा. गेल्या चतुर्थीला सगळ्या भावकीसमोर बोलले, "वयनी, तुमच्याकडे आता जागा खंय आसा? देवाचो जीव गुदमरता." मी म्हटलं, "देवान तुमका सांगल्यान काय? माका तर काय बोलूक नाय." लोक हसले, पण मला त्या दिवशी मोदक गोड लागला नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून तो ह्याच भिंतीशी बसतो. ती भिंत सामानापासून मोकळी राहावी म्हणून मी दिवाणावर पडून राहते आणि ऊठ म्हटलं की उठते.

आणि आता हे माटवीचं. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगून तिला कवंडळाची रानफळं, नारळ, सुपारीचे घड बांधतात, ती आमची माटवी वर्षभर माळ्यावर पडून असते. मोबाइलमधल्या बाईने छताला चौकट टांगून तिला भांडी अडकवलेली समीक्षेने बघितली. झालं, माटवी स्वयंपाकघरात आली. आता चतुर्थीसाठी उतरवली तर तिला सुक्या बांगड्यांचा वास, आणि तो साधा वास नाही, वाळवणाच्या मधोमध उभं राहिल्यासारखा. चिंच चोळली, राख चोळली, श्रावणात मिळेल तेवढ्या उन्हात ठेवली, तर शेजारचं मांजर येऊन तिच्या पायथ्याशी बसलं. परशुराम भावजी दरवर्षी माटवी स्वतःच्या हाताने बांधतात. त्यांचं नाक तर असं की आम्ही दुपारी काय जेवलो ते फाटकातून सांगतात. त्यांना एवढं निमित्त पुरे. मूर्ती फोंडाघाटाला जाईल आणि जन्मभर बोलणी खाईल समीक्षा. मोबाइल बघून संसार केला की असं होतं.

बाकी सगळं ठीक. माझ्याहून मोठं तुझ्याकडे आता कुणी उरलेलं नाही, म्हणून नमस्कार लिहीत नाही. लहानांना आशीर्वाद.

तुझी बाय,
राधाबाई

ता.क. तुमची माटवी आणि आमची माटवी एकाच सुताराने एकाच फणसाच्या लाकडाची केली, भावजींना फरक कळायचा नाही. तुझ्या मुलाने स्टीलची नवी करून घेतली आणि जुनी गोठ्यात पडून आहे असं ऐकते. ती पुसून रिक्षाने पाठव. हे पत्र इनासिया मासेवालीकडे देते आहे, पण माटवी तिच्या टेम्पोत घालू नको. एकदा झालं तेवढं पुरे.

आणखी एक. बांगडे मी टांगले. समीक्षेने नुसत्या डाव-पळ्या अडकवल्या होत्या. मला वाटलं, श्रावण संपेपर्यंत मासळी मांजरापासून लांब कशी ठेवायची हे त्या मोबाइलमधल्या बाईला सुचलं नाही, मला सुचलं. निलेश ओरडला तेव्हा मी तोंड उघडणार, तेवढ्यात समीक्षा म्हणाली, "बांगडे मियाच टांगलंय," आणि माझ्याकडे न बघता पीठ मळत राहिली. आता चतुर्थी होईपर्यंत मला तिला काही बोलताही येत नाही. सगळ्या वस्तूंना जागा केली हिने, पण माझ्या तोंडातलं बोलणं ठेवायला घरात एक खण नाही.

फोन करू नको, इथे तो स्पीकरवर लावतात. तुझ्या सुनेकडून लिहून घेऊ नको, ती कागदाचा फोटो काढून समीक्षेला पाठवील. तुझं अक्षर वाईट आहे ते मला माहीत आहे, माझंही तू आत्ता वाचलंसच. उत्तर तूच लिही.