घाटापलीकडचं इस्पितळ

१४ जून
डांबर आमच्या गावापर्यंत आलं. तोलोगोनने लगेच मिनीबस काढली, मला शेजारी बसवलं. घाट ओलांडून दीड तासात शहरात. घोड्यावर दोन दिवस जायचे. "आता तुझ्या दवाखान्यात औषधं वेळेवर येतील, सोनुन." नवरा रस्ता स्वतः बांधल्यासारखा बोलतो.

३ जुलै
आसानाकुन आजोबांची सून अडली. मूल आडवं. माझ्यासारख्या नर्सच्या हातातलं काम नव्हतं ते. तोलोगोनने शहरातल्या इस्पितळाकडे गाडी हाणली, मी मागे तिचा हात धरून. दोघं वाचली. मुलगा झाला.
तीन वर्षांपूर्वी अशीच एक घाटात गेली. माझ्या मांडीवर. तेव्हा रस्ता असता तर — दिवसभर हेच डोक्यात.

२८ जुलै
नव्या रस्त्यावर आता कोळशाचे ट्रक धावतात; त्यातल्या एकाने आसानाकुन आजोबांची घोडी उडवली. दुभती होती; घोडीचं दूध आंबवून आजोबा कुमिस विकतात. शिंगरू तिच्याभोवती फिरत राहिलं. ट्रक थांबलासुद्धा नाही.
आजोबा रस्त्यात लोकरीचा नमदा अंथरून बसले. अर्ज तयार आहे — ट्रक बंद करा.
"पोरी, पहिली सही तुझी. तुझं लोक ऐकतात."
"आजोबा, याच रस्त्यामुळे नातू हाती लागला ना?"
"म्हणूनच म्हणतोय. उद्या तो चालायला लागेल. दार उघडलं की रस्ता."

२९ जुलै
सही केली नाही. नाही म्हटलंही नाही.

११ ऑगस्ट
कोळशाच्या धुळीने खोकणारी आज सहा माणसं आली. घरी अर्जाचं बोलले तर तोलोगोन म्हणाला, "मग पीठ आणि सलाईन काय उडत येणार? आणि त्या म्हाताऱ्याचं कुमिस विकत घेतं कोण? ट्रकवालेच ना?"
खरंय. आजोबांचंही खरंय. मी कोणाच्या बाजूची, मलाच कळेना.

२ ऑक्टोबर
आरोग्य खात्याचा माणूस आला. चहा घेतला, तळलेले बोरसोक खाल्ले. मग म्हणाला, "रस्ता झकास झाला, ताई. इस्पितळ दीड तासावर. इथे दवाखाना कशाला?" कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकून गेला.
बावीस वर्षं मी तिथे होते.
तोलोगोन म्हणाला, "मी नेईन ना लोकांना." पण माझ्याकडे न बघता.
आजोबांचा अर्ज आठवला. सही केली असती तर दवाखाना राहिला असता? की नुसते ट्रक गेले असते? काही सुधरत नाही.

९ नोव्हेंबर
घाटात बर्फ कोसळला. रस्ता बंद. तोलोगोन आणि सात प्रवासी गाडी तिथेच टाकून दुपारी पायी परत आले. दोघींची बोटं गारठून पांढरी पडलेली, एकाला धड बोलता येईना. दवाखान्याचं कुलूप मी पहारीने तोडलं. कोणाला विचारलं नाही.