कान बंद, मन उघडं

३ जून, सोमवार
आजपासून समाजकार्य. ठरलं म्हणजे ठरलं. लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतात नि जगाला एखादा आजार कळतो. मग आपणच का मागे? माझं चॅलेंज: ‘कान बंद, मन उघडं.’ कानात कापसाचे बोळे घालायचे, तासभर काम करायचं, व्हिडिओ टाकायचा, तिघांना आव्हान द्यायचं. कमी ऐकू येणाऱ्यांचं दुःख घराघरांत पोचलं पाहिजे. प्रेरणा अर्थात बाबा. त्यांना तसं सांगितलं. ‘जेवलो मघाशीच,’ म्हणाले.

५ जून, बुधवार
पहिला व्हिडिओ. अकरा टेक. फोन हिने धरला. तेवढ्या वेळात कानाच्या डॉक्टरांना एक फोन झाला असता, असं ही म्हणाली. हिला व्यापक दृष्टी नाही. तरी केला फोन. शनिवार, साडेचार. बाबांना मी स्वतः नेणार.

६ जून, गुरुवार
ऑफिसात बोळे घालून बसलो. साहेबांनी तीनदा हाक मारली म्हणे. चौथ्यांदा मेमोच आला. कार्यकर्त्याला हे सोसावंच लागतं. व्ह्यूज ६३. पैकी तीसेक माझेच. मेहुण्याला आव्हान दिलं, त्याने नुसता अंगठा पाठवला. टपाल विभागातला कारकून म्हणाला, लग्न झाल्यापासून तो हेच चॅलेंज करतोय.

७ जून, शुक्रवार
भाचीचा सल्ला: खरा माणूस दाखव. पटलं. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मागून चार हाका मारल्या. वळले नाहीत. झकास शॉट! वर उदास संगीत. बाबांना विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी ऐकू कुठे येतं?
सायंकाळी: नऊ हजार!! कमेंट्सना सरसकट बदाम दिले. वाचल्या नंतर. ‘आजोबांना चहा विचारा, लगेच वळतील.’ ‘म्हातारा बेरकी आहे.’ बदाम काढून घ्यावेत का? नको. एंगेजमेंट पडेल.

८ जून, शनिवार, दु. ३
भाचीच्या कॉलेजात चार वाजता लाइव्ह. विषय: ‘ज्येष्ठांचं ऐकून घेऊ या.’ प्रमुख वक्ता मी. बाबा म्हणाले, जातो मी एकटा, दोनच तर स्टॉप. बाबा पहिल्यापासून स्वावलंबी. त्यात आपण ढवळाढवळ करू नये.

सायं. ७
साडेसहा वाजले तरी बाबा आले नाहीत. दवाखान्यात धावलो. आवराआवर चालली होती. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, तीनदा नाव पुकारलं, कुणी उठलं नाही, गैरहजर लावलं. मग बाबांकडे निरखून पाहिलं. ‘अय्या, व्हिडिओतले आजोबा ना हे?’
मी ‘नाही’ म्हणालो.
बाबा मला बघून हसले. गर्दी फार होती, म्हणाले, नंबर लागलाच नाही.

९ जून, रविवार
व्हिडिओ काढून टाकला. (चौदा हजार झाले होते. नोंद असावी.)
बाबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, ‘बाबा, चुकलं माझं.’ ‘काय?’ म्हणाले. आवाज चढवला. ‘काय हरवलं?’ तिसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडलो. वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, ‘अहो आजोबा, चुकलं म्हणतोय तो!’ सगळ्या बिल्डिंगला कळलं.
बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘ते असू दे. उद्या दवाखाना उघडतो. येशील ना बरोबर?’
मान डोलावली.