जुन्या उपग्रहाकडे पाठ

दि. २ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमचा जुना उपग्रह थकला. पंधरा तारखेला तो मीच बंद करणार. त्याचे काम शेजारचा नवा घेईल. त्या दिवशी तुझ्या दवाखान्याच्या छपरावरची डिश पूर्वेकडे वळवावी लागेल. बेटावर माणूस पाठवणे जमत नाही, म्हणून आकृती जोडली आहे. नव्यामुळे पुढे तर होडीहोडीतूनही डॉक्टरांशी बोलता येईल. बाबांच्या काळी डॉक्टर हवा असला की टेकडीवर जाळ करून बोटीची वाट पाहत, हे इथल्या पोरांना खरे वाटत नाही.

आत्याची धाप कशी आहे? पडद्यावरच्या डॉक्टरांना ती अजून ‘जेवलात का’ विचारते का?

माया आहेच, ती उत्तरातही दिसू दे.
तुझा दादा

दि. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डिश आजच वळवली. परीक्षेला घंटेआधी तासभर जाऊन बसणारी मी, तू हसशील. पण वारा पडला होता आणि बोल्ट गंजलेले, म्हटले असा दिवस पुन्हा मिळेल न मिळेल. शिडी आत्याने धरली. ही पडली तर तुमच्या आभाळातल्या डॉक्टरला हाडे सांधता येतात का, असे मलाच खालून विचारत होती. पंधरापर्यंत पडदा मुका राहील. सध्या रोगी कोणी नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझी धाकटी

दि. १३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्यात दोष निघाला. जुना आणखी महिनाभर चालवणार आहोत. सूचना कालच उपग्रहावरून सर्व केंद्रांना धाडली. तुलाही पोचली असेलच. डिशला हात लावू नकोस. जुन्यात अजून जीव आहे, आत्यासारखाच चिवट.

तिला नमस्कार सांग.
तुझा दादा

दि. २३ मार्च

ती. दादास,
सा. न.

आत्या काल गेली.

पंधराला तू जुना बंद केलास आणि नवा मला सापडेना. चूक माझीच असणार असे धरून मी डिश बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिले. काल तिची धाप वाढली. ती दम्याची की हृदयाची, एवढेच डॉक्टरांना विचारायचे होते. दोन्हींची इंजेक्शने कपाटात होती. मी पुन्हा छपरावर चढले. उतर, पडशील, असे ती आतून म्हणाली. ते शेवटचे. मी दम्याचे दिले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. जुना कधीतरी बंद होणारच होता.

तुझी धाकटी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बोट आली, अकरानंतरची पहिलीच, तिच्यात तुझे तेराचे पत्र. माझे अकराचे याच बोटीने निघते आहे. ते आधी वाच. डिश जुन्या खुणेवर आणली. शिडी धरायला कोणी नव्हते. पडदा लगेच उजळला. इतके दिवस कुठे होतात, असे डॉक्टरांनी विचारले. आणि आत्याबाईंना सांगा, आज मी वेळेवर जेवलो, असे म्हणाले.