मथुरा मॅचिंग सेंटरची पायरी

मालाड (पश्चिम),
रविवार, सायंकाळ

आदरणीय अक्कास,
अनंताचा सविनय जयभीम.

नाशिकच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत, हे मी कृणालला दर आठवड्याला विचारतो. परंतु तुझा हा चिरंजीव "मम्मी मस्त आहे, मामा" यापलीकडे तपशील देत नाही. तरी तूच सविस्तर कळवावेस. (तेल कोणते लावतेस, तेही.) इकडे तुझी भावजय सपना व दर्शना खुशाल आहेत. दर्शनाच्या मंगल परिणयाची तयारी सर्वार्थाने पूर्ण झाली असून त्याकरिता तू जिवाला त्रास करून घेऊ नयेस. मागच्या फोनवर तू म्हणालीस, "दुकान गेलं, आता मालाडात मला ओळखतं कोण? मी इथूनच आशीर्वाद देईन." निर्णय तुझा आहे. त्यावर मी काही म्हणणार नाही. प्रस्तुत पत्र केवळ माहितीसाठी.

तर, तुझ्या भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी एक खेळ मांडला आहे. या खेळात कोणीतरी गावभर लहान डबे लपवतो, त्यांचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर टाकतो आणि बाकीची शहाणी माणसे ते शोधत उन्हातून हिंडतात. डब्यातली एखादी वस्तू आपण घ्यायची आणि तेवढ्याच मोलाची आपली ठेवायची, हा नियम. (खेळातली ही एकमेव गोष्ट मला पटली.) विषय होता, मालाडची नाहीशी झालेली दुकाने. जिथे स्टोव्ह दुरुस्त व्हायचे, जिथे हव्या त्या गाण्यांची कॅसेट भरून मिळायची, जिथे शाळेचे गणवेश पुढच्या इयत्तेलाही पुरतील असे ढगळ शिवून मिळायचे, तिथे तिथे एकेक डबा. "पप्पा, लग्नाआधी एक रविवार माझ्यासोबत चला ना," असे दर्शना म्हणाली. ज्या वाक्यात "लग्नाआधी" हा शब्द असतो, त्याला बापाने नाही म्हणायचे नसते.

मोबाईलवरचा बाण तुम्हाला जागेवर नेत नाही. जागेच्या आसपास नेतो. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला "आसपास" ही काय भानगड आहे हे समजत नाही. स्टोव्हवाल्याच्या जागी आता बँकेचे एटीएम आहे. तिथल्या खिडकीच्या चौकटीवर मला एक चपटी डबी दिसली. ती मी उघडली. आत काहीतरी चुरा होता. पूर्वी इथे लाकडी भुशाचे स्टोव्हही मिळत, तेव्हा हा ऐतिहासिक भुसा असावा, असे अनुमान करून मी त्यातला चिमूटभर कागदाच्या पुडीत घेतला आणि नियमाप्रमाणे डबीत एक नवा शार्पनर ठेवला. तेवढ्यात एटीएमचा वॉचमन चहा पिऊन परतला. अक्का, ती त्याची तंबाखूची डबी होती. "काका, मागितली असती तर मळून दिली असती की!" असे तो भर रस्त्यात म्हणाला. मी आयुष्यात सुपारीचे खांडही खाल्लेले नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याला पटवून देता आले नाही. दर्शना स्वतः आयोजक असल्याने तिने तोंडाला कुलूप लावले होते. परंतु तिचे खांदे हलत होते.

शेवटच्या डब्याला बाण नव्हता, फक्त एक ओळ होती: "रंग जिथे उन्हात ठरायचा." मी थेट तुझ्या दुकानाकडे चालू लागलो. तिथे गिऱ्हाइकिणींच्या घोळक्यातून तू तागा खांद्यावर टाकून खाली यायचीस. "ट्यूबलाईट खोटं बोलते, बाई, उजेडात चला," असे म्हणत पायरीवर साडीचा पदर आणि कापड शेजारी शेजारी धरायचीस. तुझ्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे विकतात. (मॅचिंगचा आग्रह तिथेही आहे, परंतु सगळे दिव्याखालीच उरकतात.) पायरी मात्र तीच आहे, आणि पायरीशेजारी मासळीची पाटी घेऊन मनोरीची सोनूबाईही तीच.

मी डब्याची चौकशी केली. "बोहनी कर पयली, मंग बोल," ती म्हणाली. "डबा माझे पाटीमागं हाय, पलून जात नाय." त्यामुळे बोंबील घ्यावे लागले. ते पिशवीत टाकताना तिने मला निरखले. "अरं, तू तं मथुराचा भाव! कवा येल रं ती? या पायरीवर मी कोनाला बसू देत नाय. त्या मोबाईलवाल्याला बी नाय."

डबा बिस्किटांचा होता आणि त्याचे झाकण नीट बसत नव्हते. दर्शनाने खेळात सूचना दिली होती, की मथुराताईंकडे घेतलेल्या कापडाचा तुकडा घरात असेल तर इथे ठेवावा. अक्का, डबा गच्च भरला होता. आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी. कोणाच्या पोरीच्या परकराची कड, कोणाच्या डोहाळेजेवणाचा ब्लाऊज. बायकांनी हे इतकी वर्षे कशासाठी जपले असेल? उरलेल्या कापडाचे तू मला रुमाल शिवून द्यायचीस. त्यातला एक खिशात होता, तो मी ठेवला. घेतले मात्र काही नाही. "पप्पा, नियम?" दर्शनाने विचारले. नियमाचे नंतर बघू, असे मी म्हणालो. (तिने हे सर्वांना सांगितले आहे.)

तर माहिती एवढीच. गुडघ्यांना जप, आणि उत्तर फोनवर दिलेस तरी तपशिलात काटकसर करू नकोस.

तुझा,
अनंता

ता. क. : वर "तयारी सर्वार्थाने पूर्ण" असे लिहिले आहे, त्यात दुरुस्ती. आपल्या रिवाजाप्रमाणे दर्शनाची साडी पांढरी आहे. ब्लाऊजपीसचे काम मी हौसेने अंगावर घेतले, कारण पांढऱ्याला मॅचिंग कसले, अशी माझी समजूत. दुकानात दोन्ही हुबेहूब दिसले. घरी खिडकीशी नेल्यावर साडी मोगऱ्यासारखी आणि पीस म्हाताऱ्याच्या दातासारखा. बदलून आणला तो निळीत बुडवल्यासारखा निघाला. सपना मला सध्या "बी.कॉम." या नावाने हाक मारते.

ता. क. २ : साडीच्या काठाचा तुकडा पाकिटातून पाठव, इथूनच मॅचिंग बघते, असे तू म्हणशील. पाठवणार नाही, आणि मोबाईलवर फोटोही नाही. सोनूबाई पायरी धुऊन ठेवणार आहे. सकाळचे ऊन तिथे अजून येते. समोर टॉवर चढतो आहे, त्यामुळे पुढच्या वर्षीचे सांगता येत नाही. म्हणून ये.