आपला पूल उतरवताना

४ जानेवारी

चि. ठोंब्यास ताईचे अ. उ. आ.

नदीवरचा आपला लोखंडी पूल पाडणार, हे पेपरात वाचलं होतं. पण तो कापायचं काम तुझ्या कंपनीकडे आहे आणि गॅसकटर घेऊन तूच येणार, हे मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळावं? अरे, आजोबांनी त्या पुलाचे रिव्हेट ठोकले, बाबांनी जन्मभर त्याला रंग दिला. पलीकडचं टोक गाठेपर्यंत अलीकडचं गंजायला लागायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! आई म्हणायची, यांचा संसार पुलाशी, मी आपली सवत.

काम नाकार. नाही नाकारलंस, तर या घराची पायरी चढू नकोस. रागात लिहिलेलं पत्र कालच फाडलं, हे शांतपणे लिहिलंय.

खोकला कसा आहे? लोभ आहे, पण तूर्त कुलपात.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खोकला बरा आहे. काम नाकारलं नाही. नाकारलं असतं, तर सुरुंग लावून पूल नदीत लोळवणार होते. साहेबांशी हुज्जत घालून मी एकेक गाळा क्रेननं उतरवायचं कबूल करून घेतलं.

कापण्याआधी रंग खरवडावा लागतो. करड्याखाली करडा, त्याखाली पुन्हा करडा. काल आपल्या घरासमोरची तिरपी पट्टी खरवडली, तर मध्येच निळा! तू झालीस त्या दिवशी बाबांनी आनंदाच्या भरात घरच्या खिडक्यांचा रंग पुलाला फासला आणि वरिष्ठांनी तो लगेच झाकायला लावला, असं आई सांगायची. बाबा मात्र कानांवर हात ठेवायचे. मी एकटाच वर बसून हसलो आणि मग रडलोही. ताई, पाये खचले म्हणून पूल चाललाय. बाबांचं लोखंड अजून खणखणीत आहे.

ती पट्टी ठेवून घेता येणार नाही, सगळं भट्टीत जातं. तू म्हणालीस तर ती दुसऱ्याकडून कापून घेतो. पैलतीरावरच्या शेडमधून आपली खिडकी दिसते, पण पायरी चढलो नाही. समोरच्या घराला पत्र टाकतोय म्हणून पोस्टातला कारकून हसला.

कुलूप सैल झालं असेल तर कळव.

तुझा ठोंब्या

१३ मार्च

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

दुसऱ्याकडून? खबरदार! पत्र वाचून मी काठावर येऊन उभी राहिले होते. तू वर होतास. कटर पेटवण्याआधी तू लोखंडावरून तळवा फिरवलास. ब्रश लावण्याआधी बाबा असाच फिरवायचे. मला क्षणभर तेच दिसले आणि तिथेच रडू फुटलं. मी पुलासाठी भांडत नव्हते रे. बाबा पुन्हा एकदा जातील, ते सोसवत नव्हतं.

तेव्हा ती पट्टी तूच काप. बाबांना खाली उतरवायला घरचं माणूस हवं.

झालं की तसाच ये, हात घरीच धू. आता नव्या पुलावरून लांबचा वळसा पडेल, उशीर होईल. जेवण झाकून ठेवते.

वाट पाहणारी,
ताई