व्हाळापलीकडचा खोकला

२५ डिसेंबर २००८, गुरुवार

रात्रभर झोप नाही. सृष्टीचा खोकला. दोन सुके ठसके आणि मग शिट्टी वाजावी तसा एक लांब, पहाटेपर्यंत तेच. त्यात यतीननं अंधारातच उठवलं. मालकाची व्हॅन मिळालीय, गर्दी व्हायच्या आत घाट उतरायचा म्हणे.

तरी मी खूश आहे. नाताळाला जोडून सुट्टी मिळाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एसटीचे धक्के न खाता सासरी आलो. कोल्हापूर सोडलं, गगनबावड्याला चहा नि वडा झाला, घाटात सृष्टी ओकली, परत हसली. कणकवलीच्या पुढे खारा वारा लागला तशी मी काच खाली करून गाणंच म्हणायला लागले. यतीन म्हणतो, इंजिनात कायतरी करकरता, गाडी थांबवून बघूया काय. मेला.

ही डायरी ओमकारनं भाऊबीजेला दिली. म्हणाला, सातवी शिकलंस ता विसरा नको, कायतरी लिही. इन्सुलीच्या त्याच्या गॅरेजचा फोन त्यानं पहिल्याच पानावर घालून दिलाय. बोलताना आम्ही मालवणी, पण लिहायला बसलं की शाळेतलंच मराठी येतं.

माझा बेत साधा होता. तोंडवलीला सृष्टीला समुद्र दाखवायचा, बांगडे खायचे आणि चार दिवस नुसतं झोपायचं.

झोप कसली! घरी पोचलो तर अंगण सामानानं भरलेलं. टोपं, चटया, कोंबड्यांची खुराडी, तांदळाचं पोतं. सासूबाई कमरेला पदर खोचून उभ्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, बरां झाला इलंस, ती कळशी उचल. मला वाटलं घर पाडतायत की काय.

गावपळण होती. आज दुपारी ढोल वाजला की अख्ख्या गावानं वेशीबाहेर जायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी. तीन रात्री गाव देवाच्या ताब्यात. मग देवाचा कौल मिळाला की परत यायचं. दर तीन-चार वर्षांनी असतं हे. मागच्या खेपेला मी सृष्टीच्या बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून मला ठाऊक नव्हतं. आणि यतीनला सगळं ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणतो, सांगितला असता तर तू इलंस असतंस? खोकणारं पोर घेऊन तीन रात्री शेतात! इतका संताप आला की कळशी आपटली.

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकच गोष्ट बजावली. घर सोडताना घराशी बोलायचं नाही. घरामागच्या परड्यात चाललोय असं समजून गुपचूप बाहेर पडायचं. एरवी कुठूनही निघताना आपण येतो म्हणतो, तसं आज म्हणायचं नाही. घर मोकळं नसतं आता, म्हणाले. येतंय म्हटलास तर वाट बघतला कोणतरी.

हे मला सांगितलं. चार वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? सृष्टीला मीच शिकवलंय, जाते कधी म्हणू नये, येते म्हणावं. शी करायला गेली तरी येते हां म्हणून जाते. पायरी उतरली, वळली, रिकाम्या पडवीला हात केला आणि मोठ्यानं म्हणाली, येते हां!

मला हसू आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला उचललं नि वेशीपर्यंत खाली ठेवलं नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

व्हाळाच्या अलीकडे शेतात झावळ्यांचे मांडव घातलेत. व्हाळ हीच वेस. पाणी घोट्यापर्यंत, पोरगं पण पार करील. पलीकडे आमचीच कौलं दिसतात. बाकी इथं जत्राच. बायका फुगड्या घालतायत, पुरुष पत्ते कुटतायत. मी सोडून सगळे मजेत.

रात्री सृष्टीनं कोणाला झोपू दिलं नाही. शेजारच्या मांडवातून कोणीतरी ओरडलं, अगो, त्या चेडवाक पाणी दी, नायतर आमका तरी कापूस दी कानात घालूक. सगळे हसले. मला रडू आलं. औषधाची बाटली शोधली तर नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर राहिली, घरात.

सकाळपासून मी यतीनच्या मागे लागले. दुकान तिठ्यावर, पण तिथं ते औषध नाही. मालवणला जा म्हटलं तर पेट्रोल जाईल म्हणतो. घर समोर दिसतंय, व्हॅननं पुलावरून गेलास तर पाच मिनिटं, मीच म्हटलं. देवाला काय पोरीचं औषध नकोय? मीच म्हटलं हे. जेवून सगळे लवंडले तेव्हा तो गेला.

सृष्टी व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपली होती, सावलीला. त्यानं बघितलं नाही. मला वाटलं ती आबांजवळ आहे.

परत आला तेव्हा ती पुढच्या सीटवर ताठ बसलेली. यतीन घामाघूम. सांगायला लागला की औषध घेऊन बाहेर आलो तर गाडीचं मागचं दार उघडं, ही घरात शिरलेली. हाक मारली तर ओ आली. आली माझ्याकडे, उचलली, निघालो.

मी देवाला हात जोडले. सृष्टीला पोटाशी घेतली. ती खोकली नाही.

औषध लागलंच नाही.

२७ डिसेंबर, शनिवार, सकाळ

परत झोप नाही. खोकला नव्हता म्हणून. कान लावून पडले होते, आता येईल, मग येईल. एकदाही नाही.

सगळ्यांना आनंद. सासूबाई म्हणतात, देवान गूण दिल्यान. यतीन म्हणतो, हवा मानवली. मी एकटीच तोंड पाडून बसलेय.

पण सृष्टी झोपताना माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरते. काल नाही धरली. सरळ झोपली, हात अंगालगत, डोळे मिटायला सांगितले तेव्हा मिटले. सकाळी बांगडा दिला. ती नेहमी काट्याला भिऊन रडते. आज काट्यासकट चावून गिळला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी कौतुकानं दोन वाढले. खरी मालवणी जाली माजी नात!

मग ती आजीबरोबर शेताकडे गेली. येते हां म्हणाली नाही. नुसतीच गेली.

मी यतीनला बाजूला घेतलं. म्हटलं, ही आपली नाही. तो आधी हसला, मग चिडला. येडां झालंस काय गो? झोप काढ जरा. तोच तीळ, तोच फ्रॉक, गुडघ्यावर तोच पडल्याचा वण. बघ, म्हणाला. मी बघितलं. सगळं आहे.

परत विचारलं, काल घरात काय झालं ते नीट सांग. तेव्हा म्हणाला, काही नाही झालं. हाक मारली, ओ आली. दोनदा आली. एक ओटीवरून, एक माजघरातून. घर मोकळं, आवाज घुमतो. ओटीवरची आधी आली, ती उचलली.

ओटीवरची आधी आली. म्हणजे माजघरात कोण होतं?

म्हणतो, आवाज घुमतो. चार वेळा तेच.

२७, दुपारी जेवणाआधी

ऐकलं. व्हाळापलीकडून. भरदुपारी, भांडी घासताना. दोन सुके आणि मग शिट्टीसारखा.

माझ्या हातातलं भांडं वाहत गेलं. मी पाण्यात उतरले तर बायकांनी धरलं. खंय चललंस? तिकडे पाय ठेवायचो नाय! मी म्हटलं, ऐका, माझी पोर खोकतेय. ऐकलं सगळ्यांनी. मग एक म्हणाली, माकडा ती. काजूच्या झाडार बसतत आणि अशीच खोकतत. आणि तुजा चेडू तर ह्या काय हयसर!

ती माझ्या मागेच उभी होती. माझ्याकडे बघत. पलीकडे नाही, माझ्याकडे.

सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, पोर बरां झाला ता हिका सोसना नाय. हिका तो खोकलोच होयो. असं कोणती आई बोलून घेईल? मी बोलून घेतलं.

यतीननं व्हॅनची चावी काढून घेतली, माझा मोबाईलही. रेंज नाहीच इथं, तरी घेतला. उद्या घरी गेल्यावर डॉक्टरकडे नेतो म्हणाला. सृष्टीला नाही. मला.

आबा एकटे त्यांच्यात नव्हते. विडी ओढत बसले होते, मी जवळ गेले. हळूच बोलले. त्यांच्या लहानपणी एकाचं वासरू आत राहिलं होतं. परत गेल्यावर गोठ्यात वासरू नव्हतं, दावंसुद्धा नव्हतं. पण त्या माणसानं बोंब मारली नाही, कारण वासरू त्याच्याकडे होतंच. व्हाळावर येऊन उभं राहिलं होतं आदल्या दिवशी. मोठं झालं, नांगराला जुंपलं. फक्त कधी हंबरलं नाही.

मी विचारलं, आतलं आणायला कोणी का नाही गेलं? म्हणाले, उद्या सकाळी कौल, ढोल वाजलो की देव गाव सोडता आणि आतलां त्याच्याबरोबर जाता. मग उठले नि गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे उद्या सकाळपर्यंतच.

२७, जेवल्यावर

ती खोकली.

माझ्या शेजारी बसून. दोन सुके. मग तोंड उघडलं, शिट्टी नाही आली. परत केलं. माझ्या तोंडाकडे बघत बघत. बरोबर आलं का, असं —

सासूबाई म्हणाल्या, घे, खोकला तुजा चेडू, आता तरी गप रव.

परत करतेय. आता शिट्टी थोडी आली.

आज संध्याकाळपर्यंत शिकेल. मग मला तरी कसं कळेल? दोघी खोकल्या तर —

पलीकडचा खोकला बारीक झालाय. काल दुपारपासून पोटात काही नाही तिच्या. पाणी कोण देणार.

सगळे झोपलेत. यतीन घोरतोय. मोठ्यानं रडावंसं वाटतं, पण उठतील. किती सांगितलं. किती वेळा सांगितलं. एकानं तरी —

२७

जाते नाही म्हणायचं. मीच शिकवलं.

औषधाची बाटली घेतली. डायरी व्हॅनच्या सीटवर ठेवणार, काच उघडी आहे. ती झोपली नाही. मांडवाच्या खांबाला धरून बघतेय. अडवत नाही.

कोणाला वाचायला मिळाली तर ऐका. मी सृष्टीला घेऊन आले आणि ती खोकत असली, वाटी धरत असली, तर काही करू नका. पण मी एकटी आले, नाहीतर बरी होऊन, शांत होऊन आले — यतीनला बरं वाटेल, सासूबाईंना पण — तर मला निघायला सांगा. कुठेही. पाणी आणायला जा म्हणा. निघताना मी येते म्हणाले नाही तर ती मी नव्हे. घरात घेऊ नका.

इथलं कोणी ऐकणार नाही. म्हणून ओमकारला फोन करा. नंबर पहिल्या पानावर आहे. गॅरेजवर नसला तर शेजारी बोलावून देतात. त्याला म्हणावं रात्रीच निघ, ढोल वाजायच्या आत पोच. तो मला लहानपणापासून ओळखतो, त्याला फसवता —

खोकतेय. दोन, आणि शिट्टी. अगदी बरोबर. कुठून आला ते नाही कळलं. इकडून की —

पहिलं पान. ओमकार. फोन करा. म्हणावं तुझी तुळसाताई गेली नाही, ती ये